लाझारसच्या अंगणातला नळ

मी, ऑगस्टिन कासुबा, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, लुसाका येथील एका धान्यगोदामात मुख्य साठा-तपासनीस, कै. लाझारस कापोत्वे यांच्या पत्नीचा सख्खा थोरला भाऊ, हे कागद लाझारसचे वडीलबंधू श्री. पाउलो कापोत्वे यांच्या हाती आजच्या बसच्या कंडक्टरमार्फत देत आहे. रविवार, ३१ मार्च रोजी आपण सर्व ज्येष्ठ चिंबाला वस्तीत जमणार आहात. लाझारसचे नाव आणि घरातली त्याची जागा पुढे कोणी घ्यावी, हे त्या दिवशी ठरेल. आणि शेजारीण न्सामाची आई हिला वस्तीत राहू द्यावे की नाही, हेही ठरेल. या दुसऱ्या प्रश्नाचा निर्णय होण्यापूर्वी पुढील पत्रे सर्वांसमोर मोठ्याने वाचली जावीत, एवढाच माझा हेतू आहे. मी माझ्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत ठेवतो, त्यामुळे दोन्ही बाजू पूर्ण आहेत. एकही ओळ गाळलेली नाही. जी गाळावीशी वाटली, तीही नाही.

वाचन रविवारी होईल. नळ मात्र आजच बंद करावा. अंगणाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह आहे. तो उजवीकडे फिरवला की बंद होतो. हे झाल्यावरच पुढचे पान उलटावे, ही विनंती.

---

चिंबाला वस्ती
२ सप्टेंबर १९९५

मेव्हणे,

तुमचा नकाशा मिळाला. काय तो नकाशा! एस्नात म्हणते, भिंतीवर लावू, येशूच्या तसबिरीशेजारी. मी म्हटलं, नको, येशूला लाज वाटेल, त्याची चौकटसुद्धा इतकी सरळ नाही.

पाइप पोचले. तुमच्या गोदामातल्या पोत्यांसारखे मोजून घेतले, म्हणजे तुम्हाला झोप लागेल.

आता कामाचं. रस्त्यापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत तुम्ही जी सरळ रेघ ओढली आहे, ती संडासाच्या खड्ड्याला खेटून जाते. पाइपापाशी उभं राहून हात लांब केला तर संडासाच्या भिंतीला लागेल, इतकी. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पाइपचा जोड नेमका तिथंच पडतो. मागच्या खोलीतले भाडेकरूही तोच संडास वापरतात. आणि पावसात तो खड्डा कसा वर येतो ते तुम्ही एकदा पाहिलं आहे, टाय नाकाला लावून पळाला होतात. मला वाटतं, पेरूच्या झाडाला वळसा घालून आणावा. दोन पाइप जास्त लागतील आणि दोन एल्बो. खणायचं माझ्याकडे. खाणीत वीस वर्षं काढली, आणखी दहा पावलं खणायला माझी काही ना नाही.

तुम्ही बायकोचे थोरले भाऊ, सांगाल तसं करू. पण विचारून ठेवतो.

न्सामाची आई आत्ताच विचारून गेली, नळ आला की तिची बादली पहिली लागणार का. मी म्हटलं, "म्हातारे, तू कुठं पाणी पितेस? तू तर मुंकोयोवर जगतेस." म्हणाली, "मग मुंकोयो काय वाऱ्याचा करतात? मक्याचं पीठ तासभर उकळायला पाणीच लागतं, गाढवा."

एस्नात आणि म्विला मजेत. म्विला रोज खड्डा किती खोल झाला ते विचारते, अजून मी कुदळ उचलली नाही.

तुमचा छळ करण्याचा ज्याला हक्क आहे तो मेव्हणा,
लाझारस

---

लुसाका
९ सप्टेंबर १९९५

प्रिय लाझारस,

तुमचे दोन तारखेचे पत्र मिळाले. थट्टा बाजूला ठेवून मुद्द्याचे उत्तर देतो.

पाण्याच्या मार्गातले प्रत्येक वळण दाब कमी करते. वस्तीत पाणी सकाळी आणि संध्याकाळी असे दोनच वेळा येते आणि तेही अशक्त. दोन एल्बो घातल्यास ओट्यापर्यंत धार पोचेलच, याची खात्री देता येत नाही. राहिला जोडाचा प्रश्न. सुतळी गुंडाळून, सफेदा लावून, पान्याने नीट आवळलेला जोड हा बंद जोड असतो. त्याच्या शेजारी काय आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय दाब पाइपाच्या आत असतो. गळती झालीच, तर पाणी आतून बाहेर जाईल, बाहेरचे आत येणार नाही.

तरी रेघ सरळ ठेवावी. नकाशात बदल करू नये.

एस्नात व म्विलास आशीर्वाद.

आपला,
ऑगस्टिन

---

पाइप माझ्या नकाशाप्रमाणे पडला. नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला. जानेवारीच्या आरंभी लाझारसला ताप आला. तो मलेरियाचा समजून औषध दिले गेले. २१ जानेवारीस तो पोटाच्या वेदनांनी गेला. दफनासाठी मी आलो होतो व दोन दिवस राहिलो. नळाचे पाणी मीही प्यालो आणि मला काही झाले नाही. ही गोष्ट पुढे मी स्वतःला वारंवार सांगितली.

---

चिंबाला वस्ती
११ फेब्रुवारी १९९६

दादा,

आग्नेसवन्सं गेल्या. परवा. आठ दिवस माझं डोकं मांडीवर घेऊन चटईवर बसून होत्या, मला म्हणायच्या, "रड, पण जेव." घरी गेल्या आणि दोन-तीन दिवसांत त्यांनाच तसला ताप. लाझारसला होता तसाच, सकाळी थोडा, संध्याकाळी जास्त, आणि जीभ पांढरी. शोकाला आलेल्यांतले आणखी सात जण पडलेत. दोन रेल्वेवस्तीतले, बाकीचे कापोत्वेच.

लोक बोलायला लागलेत. तुला माहीतच आहे, शोकाच्या घरची चूल पेटत नाही आणि घरच्या बाईनं पाण्याला हात लावायचा नसतो. शेजारणींनी सगळं केलं. मक्याच्या पिठाची न्शिमा चौघी-पाचजणींनी घोटली, पण पाणी सगळंच्या सगळं न्सामाच्या आईनं भरलं. दुसऱ्या कुणाला बादली धरू देईना. "तुम्ही पोरी सांडता," म्हणायची.

काल पाउलोभाऊजींनी तिला अंगणात सगळ्यांसमोर विचारलं, "चाळीस माणसांना पाणी पाजलंस म्हातारे. त्यातला एक घोट तू घेतलास का?"

ती म्हणाली, "मी पाणी पीत नाही. सगळ्या वस्तीला ठाऊक आहे."

"का पीत नाहीस?"

"सवय नाही."

"ऐकलंत का? सवय नाही!" भाऊजी म्हणाले आणि माणसं हसली. दादा, तसलं हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. म्हातारी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तीही थोडी हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय.

मी काय बोलू? माझं डोकं चालत नाही. लाझारस गेला, आग्नेसवन्सं गेल्या, एका घरातले दोघं. असंच कसं होईल?

नळ चालू आहे, तेवढा एक आधार. पाऊस लागल्यापासून पहिली बादली जरा पिवळट येते आणि तिला वास असतो. ती मी ओतून देते आणि मग भरते. शोकात कोण ओतत बसणार, पहिल्या धारेपासूनच भरलं असेल. पाइप नवा आहे म्हणून येत असेल ना? पण तुझा नळ नसता तर एवढ्या माणसांना पाणी कुठून आणलं असतं, देव जाणे.

तुझी,
एस्नात

---

लुसाका
१७ फेब्रुवारी १९९६

प्रिय एस्नात,

आग्नेसच्या निधनाची बातमी वाचून फार दुःख झाले.

तुझ्या पत्रातील पहिल्या बादलीविषयीचा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. पुरेशी माहिती हाती नसताना निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तरी एक करावे. त्या नळाचे पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून, बूच घट्ट बसवून, लुसाकाच्या बसच्या कंडक्टरकडे माझ्या नावे द्यावे. येथे ते तपासून घेईन.

याची वाच्यता कोठेही करू नये, विशेषतः शेजारी नको. खात्री होईपर्यंत या प्रकरणात कोणाचेही नाव तोंडावर येणे इष्ट नाही.

प्रकृतीस जप.

तुझा,
ऑगस्टिन

---

चिंबाला वस्ती
२४ फेब्रुवारी १९९६

दादा,

बाटली पाठवली, सरबताची होती, तीनदा धुतली.

तू नाव लिहिलं नाहीस, पण मी समजले. तुला कंडक्टरकडून पाणी मागवावं लागलं, आणि वर 'शेजारी बोलू नको' असंही बजावलंस, म्हणजे तुलाही तेच वाटतं. तू शिकलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नाहीस, म्हणून माझा जीव अडकला होता. आता माझी खात्री झाली.

मी गप्पच राहणार होते. पण बाटली भरताना पाउलोभाऊजी फाटकात उभे. "शोकाच्या घरचं पाणी बाटलीत? कुठं निघालं?"

मी म्हटलं, "लुसाकाला. दादा तपासून घेणार आहे."

"काय तपासणार?"

मी बूच घट्ट बसवत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "नको सांगूस. समजलं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत झालं: लुसाकाच्या साहेबांनी विष शोधायला पाणी मागवलंय. ज्यांना स्वतःचा संडाससुद्धा बांधता आला नाही, ते लोक मला सांगायला येतात, "तुझा भाऊ हुशार हो, तिथं बसून ओळखलं त्यानं."

न्सामाची आई आली होती. दारातूनच म्हणाली, "बाई, तुझ्या भावानं माझं पाणी मागवलं म्हणे. माझं कुठलं आलंय पाणी? नळ तुझा, बादली तुझी. माझे नुसते हात." आणि हात पुढे करून उभी राहिली, जसं मी तेही बाटलीत भरून पाठवणार होते.

मी दार लावून घेतलं, दादा. पण वाईट वाटलं. तुझी चिठ्ठी आली की मन शांत होईल. लवकर कळव.

एस्नात

---

या पत्राला मी अठरा दिवसांहून अधिक काळ उत्तर दिले नाही. कारण पुढील पत्रात आहे. ते कारण मी समर्थन म्हणून दिलेले नाही.

---

लुसाका
१४ मार्च १९९६

प्रिय एस्नात,

हे पत्र वाचून होताच नळ बंद कर. प्यायचे पाणी चर्चच्या हातपंपावरून आण आणि तेही खळखळ उकळून घे.

तुझी बाटली २६ फेब्रुवारीस मिळाली. आमच्या गोदामाचे पाणी जिथे तपासले जाते, तिथल्या माणसाकडे ती दिली. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "कासुबासाहेब, हे पाणी आहे की खड्ड्यातलं? कुत्र्यालाही पाजू नका." मी म्हटले, लेखी द्या. तो म्हणाला, सरबताच्या बाटलीवर माझी सही मिळायची नाही. उकळलेली बाटली हवी, बर्फात ठेवून एका दिवसात आणलेली. तशी बाटली मी कंडक्टरमार्फत तुला न कळवता भरून घेतली. काल लेखी अहवाल मिळाला: पाण्यात विष्ठेतले जंतू भरपूर आहेत. दुसरे कोणतेही विष नाही.

२९ फेब्रुवारीस मला तोंडी कळले होते. त्यानंतर तेरा दिवस मी कागदाची वाट पाहिली.

आता कारण. पाणी दिवसातून दोनदाच येते. मधल्या वेळात पाइप रिकामा असतो. रिकामा होताना आणि रिकामा असताना तो बाहेरचे आत ओढतो. मी लाझारसला लिहिले होते की बाहेरचे आत येणार नाही. ते चोवीस तास पाणी असलेल्या गावापुरते खरे आहे. पावसात खड्डा भरून माती खचली असेल आणि जोड सुटला असेल. पहिली बादली हीच सर्वांत वाईट, आणि सगळे धावतात ते पहिल्या बादलीसाठीच. लाझारस आणि आग्नेस टायफॉइडने गेले. लाझारसने मला जोडाविषयी आधीच विचारले होते. त्याचे पत्र माझ्याकडे आहे. वळसा घालू नका, असे मी त्याला लिहून कळवले. ती प्रतही माझ्याकडे आहे.

मी 'कोणाचेही नाव' असे लिहिले तेव्हा माझ्या मनात एकच नाव होते, ते माझे. न्सामाच्या आईचे नव्हते. तिचा या सर्वाशी काहीही संबंध नाही. ती आजारी पडली नाही, कारण ती उकळलेलेच पिते. हे पाउलोभाऊजींना आजच, माझे पत्र दाखवून, सांग.

तुझा,
ऑगस्टिन

---

चिंबाला वस्ती
१९ मार्च १९९६

दादा,

म्विलाला नऊ तारखेला ताप भरला. तुला कळवलं नाही, कारण तिच्या उशापासून उठायला झालं नाही. हॉस्पिटलात आहे. सलाईन लावलं, गोळ्या चालू आहेत, डॉक्टरीणबाईही टायफॉइडच म्हणाल्या. काल उठून बसली आणि मासे मागितले, सुके कापेंता. म्हणजे वाचली असं धरायचं. तुझी चिठ्ठी दहा दिवस आधी आली असती तर, असं मी एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

म्विला आजारी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी न्सामाच्या आईच्या घराचे पत्रे उतरवले. दहा-बारा पुरुष होते, भाऊजी पुढे. मारलं नाही कुणी. नुसते पत्रे काढून बाहेर रचून ठेवले आणि म्हणाले, आता पाऊस ठरवेल. ती चर्चच्या ओसरीवर बसलेली असते, तिचं ते मुंकोयोचं मडकं घेऊन. तिथं तिला कोणी काही देत नाही आणि तिच्याकडून कोणी काही घेत नाही.

मी जोडापाशी जाऊन बघितलं. माती खाली गेलीय, तुझ्या मुठीएवढं भोक आहे आणि आत ओलं आहे. तू म्हणालास तसंच. मी त्यावर एक फरशी टाकली.

दादा, हे कुणाला सांगू नकोस.

आत्ता कापोत्वे मला भावाची विधवा म्हणून घरात ठेवतायत. उद्या कळलं की नळ तुझ्या हुकमाने असा पडला, आणि लाझारसनं 'नको' म्हटलेलं असताना पडला, तर मी त्यांच्या भावाला मारणाऱ्याची बहीण होईन. आग्नेसच्या मुलांसमोर मी कशी उभी राहू? म्विलाला घेऊन मी कुठं जाऊ, तुझ्या दोन खोल्यांत? न्सामाच्या आईचं आता काय जायचं राहिलंय? मुलगा केव्हाच खाणीत मेला. गावाकडं तिला ओळखणारं कुणी उरलं नाही. ३१ तारखेच्या रविवारी ज्येष्ठांनी तिला वस्तीबाहेर काढलं, तरी तिच्यासाठी रडायला कुणी येणार नाही. तू माझ्या आईचा मुलगा आहेस. मला तू एकच आहेस.

नळ बंद केलेला नाही. बंद केला तर विचारतील, का? भाऊजींनीच सांगून ठेवलंय की म्हातारी गेली, आता पाणी चांगलं झालं. म्हणून चालू ठेवलाय. मी हातपंपाचं पिते आणि म्विलासाठी तेच नेते. विचारलं तर सांगते, नवस बोललाय. बाकीचे इथलं भरतात. अकरा घरं भरतात. काल सकाळी पाणी आलं तेव्हा मागच्या खोलीतली पोरगी पहिली धावली, पाठीला बाळ बांधलेलं. पहिलीच बादली भरली तिनं. बाळाला ओंजळीनं पाजलं. मी ओट्यावर उभी होते, माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, आणि मी तिला म्हटलं, "हळू, सांडेल."

एवढंच म्हटलं.

हे पत्र जाळून टाक.

एस्नात

---

श्री. पाउलो कापोत्वे यांस,

पत्रे येथे संपली. प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडला आहे.

माझ्या बहिणीचे शेवटचे पत्र मी जाळले नाही आणि तिची परवानगीही घेतली नाही. ते तिने माझ्यावर विश्वास ठेवून लिहिले होते. तरीही ते सोबत देत आहे. त्याच्यावाचून हा नळ आजही चालू आहे हे आपणास कळले नसते, आणि रविवारपर्यंत अकरा घरे आणखी सहा दिवस त्याचे पाणी प्याली असती. तिने जे लपवले ते माझ्यामुळे लपवले. तिला त्या घरात ठेवावे की नाही, हे आपण ठरवाल. पण ठरवताना नकाशा कोणी काढला, ते आधी ठरवावे. लाझारसने विचारले होते. वळसा नको म्हणणारा मी होतो. बाटलीच्या बाबतीत स्पष्ट न लिहिणाराही मीच, आणि आपण त्यातून जो अर्थ काढलात, तो काढायला जागा माझ्याच वाक्याने दिली. ही गोष्ट आपल्या बचावासाठी वापरावयाची असल्यास माझी हरकत नाही.

मात्र म्हातारीच्या छपराचे पत्रे आपण उतरवलेत, ते आपणच चढवावेत. म्हातारीकडे निरोप पाठवू नये; निरोपावर ती येणार नाही, आणि तिने यावे तरी का?

मागच्या खोलीतल्या त्या बाळाला ताप आला असल्यास आजच दवाखान्यात न्यावे आणि टायफॉइडची शंका आहे, हे तिथे स्पष्ट शब्दांत सांगावे. लेखी अहवालाची वाट पाहू नये.

मी शनिवारी सकाळच्या बसने निघून दुपारी पोहोचेन. प्रथम चर्चच्या ओसरीवर जाईन. तिथून बहिणीच्या घरी, तिने दार उघडले तर. रविवारी आपण जिथे बसवाल तिथे बसेन आणि जे विचाराल त्याचे उत्तर देईन.

ऑगस्टिन कासुबा
लुसाका
२५ मार्च १९९६